डोंगरी सायकल, विद्युत्-साहाय्यित

डोंगरी सायकल, विद्युत्-साहाय्यित : खडकाळ, चढउताराच्या व डांबरीकरण न झालेल्या वाटांवर चालविण्यासाठी खास बांधणी केलेल्या सायकलीस डोंगरी सायकल किंवा माउंटन बाइक म्हणतात. पॅडल मारणाऱ्याच्या स्नायुशक्तीला विद्युत् चलित्राची म्हणजे मोटरची जोड देणारी डोंगरी सायकल ती विद्युत्-साहाय्यित डोंगरी सायकल होय. पॅडल फिरत असतील तेव्हाच तिचे चलित्र कार्य करते आणि ठराविक वेग गाठला की त्याचे साहाय्य थांबते. या दोन मर्यादांमुळे ती मोपेड व मोटारसायकल यांपासून वेगळी मानली जाते. मात्र या मर्यादा तिच्या सांगाड्यात किंवा चाकांत नसून नियंत्रकातील आज्ञावलीत असतात. ही सायकल डोंगरातील कोणत्या वाटेवर न्यावी व कोणत्या वाटेवर नेऊ नये, हा प्रश्न याच मर्यादांवर अवलंबून असल्याने तिच्या भावी विकासाचा विचार करताना यंत्ररचना आणि वाटांचे कायदे या दोहोंचा एकत्रित विचार करावा लागतो.

इतिहास : डोंगरी सायकलीचा उगम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कॅलिफोर्निया राज्याच्या मरिन परगण्यात १९७०–८० या दशकात झाला. तेथील टॅमलपायस डोंगराच्या परिसरातील तरुण जुन्या, जाड टायरांच्या सायकली घेऊन वणवा विझविण्यासाठी केलेल्या कच्च्या रस्त्यांवरून उतरत असत. फेअरफॅक्स गावानजीकच्या अशाच एका रस्त्यावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी पहिली शर्यत झाली. हा रस्ता सु. ३ किमी. लांबीत सु. ४०० मी. खाली उतरतो. उतरताना मागच्या चाकाच्या तुंब्यातील ब्रेक तापून त्यातील वंगण जळून जाई व प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून या शर्यतीस ‘रिपॅक’ हे नाव पडले. या कामासाठीच आखलेला सांगाडा जो ब्रीझ यांनी १९७७ मध्ये तयार केला. टॉम रिची, गॅरी फिशर व चार्ली केली यांनी १९७९ पासून अशा सायकलींची विक्री सुरू केली आणि १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड या कंपनीची ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात मोठ्या संख्येने बनविलेली सायकल बाजारात आली. पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९९० मध्ये कोलोरॅडो राज्यातील ड्युरँगो येथे झाली व १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये या क्रीडाप्रकाराचा समावेश झाला.

विद्युत् साहाय्याचा उगम मात्र डोंगरात नव्हे, तर शहरात झाला. जपानच्या यामाहा कंपनीने १९९३ मध्ये ‘पास’ ही सायकल विक्रीस आणली. पॅडलवरील जोर मोजून त्या प्रमाणात चलित्राने साथ द्यावयाची, हे तत्त्व प्रथम तिच्यात व्यवहारात उतरले. वृद्ध माणसे, तसेच मुले व बाजारहाट यांचा भार वाहणाऱ्या स्त्रिया यांच्या सोयीचे वाहन म्हणून ती पुढे आली. लिथियम-आयन विद्युत् घटमाला म्हणजे बॅटरी हलकी व टिकाऊ झाल्यावर आणि २०१० नंतर बॉश, शिमानो, यामाहा इ. कंपन्यांची चलित्रे सायकल-उत्पादकांना सहज मिळू लागल्यावर हीच योजना डोंगरी सायकलीवर आली. आल्प्स पर्वताच्या परिसरातील जर्मनी, ऑस्ट्रिया व स्वित्झर्लंड या देशांत तिचा प्रसार विशेष वेगाने झाला. आंतरराष्ट्रीय सायकल संघाने विद्युत्-साहाय्यित डोंगरी सायकलींची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २०१९ मध्ये कॅनडातील माँ-सँतॅन येथे घेतली.

मूळ सायकलीतील सुधारणा : आजच्या डोंगरी सायकलीचा सांगाडा ॲल्युमिनियमाच्या मिश्रधातूचा किंवा कार्बन-तंतूंचा असतो. पुढील चिमट्यात धक्काशोषक बसविण्याची प्रथा १९८९–९० च्या सुमारास रूढ झाली. पुढे मागील चाकालाही तो मिळाला. रिमवर घासणाऱ्या ब्रेकची जागा द्रवचालित डिस्क ब्रेकने घेतली. मूळच्या २६ इंची चाकांऐवजी २७.५ व २९ इंची चाके आली. मोठे चाक खड्डे व दगड यांवरून अधिक सहज जाते. टायरमधील ट्यूब काढून टाकल्यामुळे हवेचा दाब कमी ठेवता येऊ लागला व त्यामुळे पकड वाढली. बसका उतार लागताच हँडलवरील खटक्याने खाली घेता येतो. पुढची दोनतीन दंतचक्रे जाऊन तेथे एकच दंतचक्र राहिले व मागील दंतचक्रांची संख्या १२ पर्यंत गेली. गिअर बदलण्याची तार जाऊन २०१९ पासून बिनतारी विद्युत् योजनाही मिळू लागली आहे. धक्काशोषकाची ताठरता वाटेनुसार आपोआप बदलणारी इलेक्ट्रॉनीय यंत्रणाही आली आहे. यांतील शेवटच्या दोन सुधारणांना वीज लागते. म्हणजे चलित्र नसलेल्या डोंगरी सायकलीतही वीज पूर्वीच शिरली आहे. पण ती चाकाला गती देत नाही, एवढाच काय तो फरक उरतो.

रचना व कार्य : डोंगरी सायकलीत चलित्र बहुधा पॅडलच्या आसाभोवती, म्हणजे दोन्ही चाकांच्या मध्ये, बसवितात. त्यामुळे वजन खाली व मध्यभागी राहते आणि चलित्राची शक्ती साखळी व गिअर यांमधून जात असल्यामुळे तीव्र चढावर हलका गिअर घालून तिचा पुरेपूर उपयोग करता येतो. चाकाच्या तुंब्यात बसविलेले चलित्र सपाट रस्त्यावर चालते. दीर्घ चढावर मात्र मंद गतीमुळे ते तापते.

पॅडलच्या आसावर पडणारे परिपीडन (पिळाचा जोर) मोजणारा संवेदक, पॅडल फिरण्याचा वेग मोजणारा संवेदक आणि चाकाची गती मोजणारा संवेदक असे तीन संवेदक मुख्यतः असतात. आसाला पडणारा अत्यल्प पीळ विद्युत् संकेतात रूपांतरित होतो. नियंत्रक हे संकेत सेकंदाला शेकडो वेळा वाचून चलित्राला किती प्रवाह द्यावयाचा ते ठरवितो. चालकाने जोर कमी करताच साहाय्यही कमी होते. त्यामुळे निसरड्या चढावर चाक घसरू न देता जाता येते. पॅडल मारणे थांबविले किंवा ठराविक वेग ओलांडला की आतील फ्रीव्हीलमुळे चलित्र साखळीपासून अलग होते व सायकल साध्या सायकलीप्रमाणे चालते. याच फ्रीव्हीलमुळे उतारावर ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा अशा रचनेत घटमालेत परत साठविता येत नाही.

साहाय्याचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. ७५ किग्रॅ. वजनाचा चालक १४ किग्रॅ. वजनाच्या साध्या सायकलीवर दर १०० मीटरला १० मीटर चढणारी कच्ची वाट चढत असून तो १५० वॉट शक्ती लावत आहे, असे समजू. गुरुत्वाकर्षण व टायरचे घर्षण मिळून सु. १०५ न्यूटन विरोध होतो व वेग ताशी सु. ५ किमी. पडतो. तोच चालक २५ किग्रॅ. वजनाच्या विद्युत्-साहाय्यित सायकलीवर बसला व चलित्राने ३०० वॉटची भर घातली, तर वाढलेले वजन जमेस धरूनही वेग ताशी सु. १४ किमी. होतो. चढावरील वेगात पडणारी ही जवळजवळ तिपटीची तफावत हेच या वाहनाचे आकर्षण आहे व वाटांवरील वादाचे मूळही तेच आहे. उतारावर गुरुत्वाकर्षण पुरेसे असल्याने दोन्ही सायकलींच्या वेगांत फारसा फरक राहत नाही.

घटमालेची धारणा सामान्यतः ४०० ते ८०० वॉट-तास असते. वरील उदाहरणात दोनतृतीयांश भार चलित्राने उचलला व चलित्रयंत्रणेची कार्यक्षमता ७५ टक्के धरली, तर ७५० वॉट-तासांची घटमाला एकूण सु. २,५०० मी. उंचीच्या चढास पुरते. अशा घटमालेचे वजन सु. ४ किग्रॅ. असते. मोठ्या शक्तीच्या सायकलीचे एकूण वजन २० ते २५ किग्रॅ. भरते. याउलट, कमी शक्तीचे लहान चलित्र व लहान घटमाला वापरून १६ ते १९ किग्रॅ. वजनाच्या सायकलीही तयार केल्या जातात. या प्रकारात चालकाचे श्रम अधिक असतात. पण वळणे व उड्या यांवर ही सायकल साध्या सायकलीच्या जवळ जाते.

शक्तीचे मापन : यूरोपीय संघाच्या नियमांनुसार पॅडल मारतानाच कार्य करणारे, कमाल अखंड निर्धारित शक्ती २५० वॉट असलेले व ताशी २५ किमी. वेगापूर्वी बंद होणारे साहाय्यक चलित्र असेल, तर ते वाहन सायकलच समजले जाते. येथे ‘अखंड निर्धारित शक्ती’ या शब्दप्रयोगाचा अर्थ नीट समजून घेणे आवश्यक आहे. चलित्र मर्यादेबाहेर न तापता दीर्घकाळ जी शक्ती देऊ शकते, ती ही शक्ती होय. म्हणजे हे मूलतः उष्णतेचे मापन आहे. थोड्या वेळासाठी तेच चलित्र याहून कितीतरी अधिक शक्ती देऊ शकते. २५० वॉट अशी नोंद असलेल्या बॉश कंपनीच्या एका प्रचलित चलित्राची कमाल शक्ती दीर्घकाळ ६०० वॉट होती. २०२५ मध्ये केवळ आज्ञावली बदलून ती ७५० वॉटपर्यंत व परिपीडन ८५ वरून १०० न्यूटन-मीटरपर्यंत नेण्यात आले. छायाचित्रणाच्या उडत्या यंत्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या डीजेआय या चिनी कंपनीने २०२४ मध्ये सादर केलेल्या सु. २.५ किग्रॅ. वजनाच्या चलित्राची क्षणिक कमाल शक्ती १,००० वॉट व परिपीडन १२० न्यूटन-मीटर आहे. निरोगी पण सराव नसलेला मनुष्य तासभर टिकवू शकेल अशी शक्ती साधारणतः १०० ते १५० वॉट असते, हे लक्षात घेतले म्हणजे ‘साहाय्य’ या शब्दाचा अर्थ किती ताणला गेला आहे, याची कल्पना येते.

जपानच्या कायद्याने हा प्रश्न वेगळ्या रीतीने हाताळला आहे. तेथे चलित्राची शक्ती नव्हे, तर मानवी जोराशी असलेले साहाय्याचे प्रमाण ठरवून दिले आहे. प्रारंभी ते एकास एक होते. २००८ मध्ये कमी वेगासाठी ते एकास दोन करण्यात आले. वेग वाढेल तसे ते घटत जाऊन ताशी २४ किमी. वेगाला शून्य होते. जर्मनीच्या सायकल उद्योग संघानेही २०२५ मध्ये कमाल शक्ती ७५० वॉट व साहाय्याचे प्रमाण एकास चार अशी मर्यादा घालावी, असे सुचविले. उद्योगाने स्वतःहून बंधन मागण्याचे कारण उघड आहे : या सायकली मोटारसायकलीसारख्या होत गेल्या, तर त्यांची सायकल ही कायदेशीर ओळखच जाईल आणि तिच्याबरोबर नोंदणी, परवाना व विमा यांपासून असलेली सूट व वाटांवरील प्रवेशही जाईल.

वाटांवरील परिणाम : डोंगरवाटेची झीज मुख्यत्वे पाण्यामुळे होते. चाकांनी मोकळी केलेली माती पावसाच्या पाण्याबरोबर वाहून जाते व वाटेची घळ बनते. म्हणून वाटेचा सरासरी चढ १० टक्क्यांच्या आत असावा, तो डोंगराच्या बाजूच्या उताराच्या निम्म्याहून कमी असावा आणि वाटेला बाहेरच्या अंगाला किंचित उतार असावा, असे वाट बांधणारे मानतात. आंतरराष्ट्रीय डोंगरी सायकल संघटनेने २०१५ मध्ये अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील जंगलात साधी डोंगरी सायकल, विद्युत्-साहाय्यित सायकल व मोटारसायकल यांची तुलना केली. पहिल्या दोहोंनी हलविलेल्या मातीत लक्षणीय फरक आढळला नाही. मोटारसायकलीने मात्र पुष्कळच अधिक माती हलविली. तथापि ही पाहणी लहान प्रमाणावरील, एकाच प्रकारच्या जमिनीवरील व त्या काळातील माफक शक्तीच्या सायकलींची होती. तिचा निष्कर्ष आजच्या चलित्रांना जसाच्या तसा लावता येत नाही. मागील चाकावरील परिपीडन पकडीपेक्षा अधिक झाले की चाक घसरते व माती उकरली जाते. ही शक्यता शक्तीबरोबर वाढते.

झिजेहून महत्त्वाचा प्रश्न वाटेवरील इतरांच्या सुरक्षिततेचा आहे. अरुंद वाटांवर चढणाऱ्याला व उतरणाऱ्याला एकमेकांच्या वेगाचा अंदाज असतो. चढणारी सायकल चालत्या माणसाच्या गतीने येते, या गृहीतावर वळणे व दृष्टिटप्पे आखलेले असतात. चढणारा तिप्पट वेगाने आल्यास हे गृहीत कोसळते. घोडेस्वारांच्या बाबतीत जनावर बुजण्याचा धोका असतो. तसेच ज्या दूरच्या भागात पूर्वी थोडेच लोक पोहोचत, तेथे अनेक जण पोहोचू लागतात. वन्य प्राण्यांचा उपद्रवरहित प्रदेश त्यामुळे कमी होतो. घटमाला संपल्यास २५ किग्रॅ. वजनाची सायकल घेऊन परतणे अननुभवी चालकास कठीण जाते.

दुसऱ्या बाजूस या सायकलीचे लाभही खरे आहेत. वय, हृदयविकार, सांधेदुखी किंवा अपंगत्व यांमुळे डोंगर सोडावा लागलेल्या व्यक्तींना ती तो परत मिळवून देते. हातांनी चालविण्याच्या तीनचाकी डोंगरी सायकली विद्युत् साहाय्यामुळेच चढावर उपयोगी ठरतात. वाटांची दुरुस्ती करणारे स्वयंसेवक व बचावपथके अवजारे वाहण्यासाठी तिचा उपयोग करतात.

कायदे : अमेरिकेत १९६४ च्या रानभूमी कायद्याने संरक्षित क्षेत्रांत मोटारवाहनांबरोबरच सर्व ‘यांत्रिक वाहतुकी’स बंदी घातली. तीत सायकलीही येतात, असे वनखात्याने १९८४ मध्ये नियमांत स्पष्ट केले. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वी साध्या डोंगरी सायकलीलाही हाच प्रवेशाचा प्रश्न सोडवावा लागला होता. इतरत्र वाटा मिळविताना ‘आमचे वाहन मोटारविरहित आहे’ हाच सायकलस्वारांचा मुख्य युक्तिवाद होता. विद्युत् चलित्र आल्याने तोच दुर्बल होईल, ही भीती अनेक जुन्या सायकलस्वारांच्या विरोधामागे आहे.

कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये विजेच्या सायकलींचे तीन वर्ग पाडले व पुढे बहुसंख्य राज्यांनी ते स्वीकारले. पहिल्या वर्गात पॅडल मारतानाच व ताशी २० मैलांपर्यंत (सु. ३२ किमी.) साहाय्य मिळते, दुसऱ्यात पॅडल न मारता हाताच्या मुठीने चलित्र चालविता येते, तिसऱ्यात पॅडलबरोबरचे साहाय्य ताशी २८ मैलांपर्यंत (सु. ४५ किमी.) असते. चलित्राची कमाल शक्ती ७५० वॉट आहे. डोंगरवाटांच्या संदर्भात मुख्यतः पहिल्या वर्गाचाच विचार होतो. वनखात्याच्या मते विजेची सायकल हे मोटारवाहन असल्याने मोटारविरहित वाटांवर तिला सहसा प्रवेश नाही. वाट मोटारवाहनांसाठी रीतसर खुली करावी लागते. अंतर्गत व्यवहार खात्याने २०१९ मध्ये विजेच्या सायकलींना साध्या सायकलींप्रमाणे वागविण्याचा आदेश काढला. त्यानुसार २०२० मध्ये झालेल्या नियमांनी राष्ट्रीय उद्यानांचे अधीक्षक व भूव्यवस्थापन विभागाचे स्थानिक अधिकारी यांना वाटेवाटेचा निर्णय घेण्याची मुभा दिली. उद्यानांविषयीच्या नियमाचे पर्यावरणीय परीक्षण पुरेसे झाले नाही, असा निर्णय २०२२ मध्ये एका संघराज्य न्यायालयाने दिला. नियम मात्र रद्द केला नाही. परिणामी एकाच डोंगरावर वाटेची मालकी बदलली की नियम बदलतो.

यूरोपात २५० वॉटची सायकल कायद्याने सायकलच असल्यामुळे, जेथे सायकलींना मुभा आहे तेथे तिलाही सामान्यतः ती मिळते. परंतु सायकलींवरच निर्बंध असतात. उदा., ऑस्ट्रियाच्या १९७५ च्या वनकायद्याने पायी फिरण्याचा हक्क सर्वांना दिला आहे, पण वनरस्त्यावर सायकल नेण्यास मालकाची संमती लागते. जर्मनीच्या बाडेन-व्ह्युर्टेंबेर्ख राज्यात जंगलातील २ मीटरपेक्षा अरुंद वाटांवर सायकल चालविण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे.

भारत : केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार ०.२५ किलोवॉटपेक्षा कमी शक्तीचे चलित्र असलेली व ताशी २५ किमी. वेगाला, किंवा पॅडल थांबताच, साहाय्य बंद होणारी सायकल मोटारवाहन ठरत नाही; ही व्याख्या यूरोपीय व्याख्येशी मिळतीजुळती आहे. मात्र तिने रस्त्यावरील नोंदणीचा प्रश्न सुटतो, डोंगरवाटेवरील प्रवेशाचा नाही. सह्याद्रीतील कळसूबाई–हरिश्चंद्रगड व कोयना यांसारख्या अभयारण्यांतील प्रवेश १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने नियंत्रित आहे व तेथे वाहन मोटारयुक्त आहे की नाही एवढ्यावरच निर्णय होत नाही. मोटारबंदी असलेल्या माथेरान येथे ई-रिक्षांना प्रायोगिक तत्त्वावर परवानगी मिळण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले (२०२२). वीज हे इंधन धूरविरहित असले, तरी त्यामुळे वाहन आपोआप ‘मोटारविरहित’ होत नाही, हेच यावरून दिसते.

भावी विकास : चलित्र व गिअर एकाच बंदिस्त पेटीत बसविण्याची पिनियन या जर्मन कंपनीची योजना २०२३ मध्ये पुढे आली, तिच्यामुळे चिखल व दगड यांपासून उघड्या गिअरयंत्रणेचे होणारे नुकसान टळते. चाक जाम होऊ न देणारे ब्रेक डोंगरी सायकलीतही येऊ लागले आहेत. दर किलोग्रॅममागे अधिक ऊर्जा साठविणाऱ्या घटमाला मिळाल्यास वजन घटेल व साध्या आणि विद्युत्-साहाय्यित सायकलीत डोळ्यांना दिसणारा फरक जवळजवळ उरणार नाही. वाटेवरील रक्षकाला केवळ पाहून वर्ग ओळखणे त्यामुळे अधिक कठीण होईल. वेगमर्यादा काढून टाकणाऱ्या अनधिकृत उपकरणांमुळे ही अडचण आजच जाणवते. यूरोपीय मानकात अशा फेरफारास प्रतिबंध करण्याची अट २०१७ पासून आहे. परंतु आज्ञावलीत घातलेले बंधन आज्ञावलीनेच उठविता येते.

तंत्रविद्येतच यावर काही उपायही दडलेला आहे. वाटेच्या हद्दीत शिरताच उपग्रहीय स्थाननिश्चितीच्या आधारे साहाय्य आपोआप कमी करणे, चढाच्या वाटा एकेरी ठेवणे, वर्गाची ठळक खूण सायकलीवर लावणे इ. मार्ग शक्य आहेत. मात्र पहिल्या मार्गात चालकाच्या हालचालींची नोंद कोणाकडे राहणार, हा वेगळा प्रश्न उद्भवतो. साहाय्य मानवी श्रमाच्या प्रमाणात राहील व त्याची वरची मर्यादा प्रत्यक्ष मोजता येईल, अशी व्याख्या उत्पादक व शासनसंस्था यांनी स्वीकारली, तर वयोवृद्ध व अपंग यांच्यासह सर्वांना डोंगर खुला ठेवणे शक्य आहे. शक्तीची चढाओढ अशीच चालू राहिली, तर पन्नास वर्षांत सायकलस्वारांनी मिळविलेल्या वाटा त्यांच्याच हातून जाण्याचा संभव आहे.